मेव्हण्याचे बूट

१

जन्मभर मी लोकांच्या लग्नांचे मांडव घातले. माझं स्वतःचं लग्न मात्र रजिस्टर कचेरीत झालं, पंख्याखाली, आणि तो पंखाही बंद होता. बाई अजून ऐकवतात, गावभर सावली वाटत फिरणाऱ्या माणसाने बायकोच्या डोक्यावर चार हात कापड धरलं नाही. म्हणून म्हातारपणी परदेशात नेऊन त्यांना कापडाखालीच झोपवलं. फिट्टंफाट.

बाई म्हणजे माझी बायको. त्यांचा मुलींचा टायपिंगचा क्लास होता, अख्खा गाव त्यांना बाई म्हणायचा, मग मीच कशाला मागे राहू? त्या मला 'अहो' म्हणतात. रागावल्या की 'मांडववाले'.

लेक परदेशात असते. तिने आणि जावईबापूंनी आपली जुनी गाडी, एक तंबू, एक शेगडी आणि घडीच्या खुर्च्या आमच्या हवाली केल्या. हॉटेलं काही परवडायची नाहीत, सगळा मुलूख बघायचा तर असाच बघा, असं त्यांचं म्हणणं. निघण्याआधी जावईबापूंनी मला अंगणात नेऊन तंबू कसा उभारायचा त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. मी हात मागे बांधून, मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "हे टोक असतं ते जमिनीत घालायचं ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं. त्या बिचाऱ्याचा चेहरा आठवला की मला अजून जेवण गोड लागतं.

तर आमचा दिवस ठरलेला. संध्याकाळी उजेड असतानाच तंबूंच्या तळावर पोचायचं. मी खुंट्या ठोकायच्या, बाईंनी शेगडी पेटवायची. तंबू उभा राहीपर्यंत चहा तयार. सकाळी उलटं. आणि या सगळ्यात माझी एक खास कलाकुसर होती, ती म्हणजे बूट.

तिकडे प्रत्येक तळावर एक फळी असते. घरी परतणारी माणसं उरलंसुरलं तिथे ठेवून जातात, नव्याने आलेली उचलतात. मीठ, मेणबत्त्या, वाचून झालेली पुस्तकं. पहिल्याच तळावर त्या फळीवर मला एक बुटांचा जोड दिसला. तपकिरी, जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे, आणि आकार असा की एकेका बुटात एकेक मांजर व्यायली असती. मी तो उचलला. बाई म्हणाल्या, तुम्हाला होणार नाहीत. मी म्हटलं, मला कुठे घालायचेत?

आमच्या धंद्यातली ही जुनी रीत. मांडव उभा आहे, राखणीला कोणी नाही, मग आमचे वस्ताद कनातीच्या दाराशी भलेमोठे बूट ठेवून द्यायचे. टोकं आतल्या बाजूला. टोकं आत म्हणजे माणूस बूट काढून आत गेलाय. टोकं बाहेर म्हणजे निघायच्या बेतात आहे. चोर शाळेत नाही गेला तरी त्याला एवढं वाचता येतं.

नुसत्या बुटांवर भागवीन तर तो मी कसला. मी बुटांना मालक दिला. बाई एकुलत्या एक. सख्खा नाही, चुलत नाही, मानलेलासुद्धा नाही, त्यामुळे मेव्हणा नावाचा जिन्नस मला जन्मात मिळाला नव्हता. तो मी तयार केला. अंगाने धिप्पाड, स्वभावाने तापट, दिवसा झोपणारा. शेजारच्या तंबूतलं कोणी गप्पांना आलं की मी ओठांवर बोट ठेवून आत खूण करायचो आणि माझं सातवीपर्यंतचं इंग्रजी बाहेर काढायचो. आत मेव्हणा झोपलाय, उठवू नका. माणसं चवड्यांवर परत जायची. काही जण तर बुटांनाच मान लववून जायचे.

बाई एवढंच म्हणाल्या, "आयता भाऊ दिलात." हसल्या मात्र नाहीत.

२

खरी गोम तीच. बाई हसायच्या थांबल्या होत्या.

भांडण नाही, आजार नाही, डोळ्यांत पाणी नाही. क्लास बंद केला, यंत्रं विकली आणि त्या दिवसापासून नळाचं पाणी जावं तसं हसू गेलं. पूर्वी बाईंचं हसणं म्हणजे ऐकण्यासारखी चीज. आधी टकटक टकटक, मग थोडं थांबून एक बारीक किणकिण, जशी ओळ संपल्यावर यंत्राची घंटी वाजावी. त्या घंटीसाठी मी आयुष्यभर माकडचेष्टा केल्या. दुसरा धंदाच केला नाही म्हणा, मांडव आपले पोटासाठी.

निघताना लेकीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबा, आईला हसवून आणा. नाहीतर तिचं काही खरं नाही." मी छाती ठोकून हो म्हटलं.

आणि मग सगळा मुलूख पालथा घातला. चहात मीठ टाकून झालं. टोपीत बेडूक ठेवून झाला. नवरदेवाच्या काकांची गोष्ट सांगून झाली. ती माझी हुकमी गोष्ट. मांडव उतरवण्याआधी आमच्यात हाक द्यायची पद्धत आहे. वस्ताद दारात उभे राहून ओरडायचे, "आहे का कोणी आत?" उत्तर आलं नाही की खांब काढायचे. एकदा नवरदेवाचे काका जेवून कोपऱ्यात आडवे झालेले, हाक ऐकू गेली नाही, आणि सगळं कापड अंगावर. खालून काकांचा आवाज आला, "लाइट गेली का?" या गोष्टीवर मी लग्नाआधी बाईंना हसवलं होतं. तिच्यावर आमचं लग्न उभं आहे. या वेळी सांगितली तर बाई म्हणाल्या, "हो, माहितीये," आणि कांदा चिरू लागल्या.

तर असा मी रिकाम्या हाताने शेवटच्या तळावर पोचलो. तळं, तळ्याकाठी उंच सरळ झाडं, एक लांबट न्हाणीघर, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारी एक म्हातारी. तिला मी किल्लीवाली म्हणायचो. शेजारी एका चाकांच्या घरात एक गुळगुळीत डोक्याचे गृहस्थ राहत होते, त्यांचं नाव मी टकलूशेठ ठेवलं. माणूस मायाळू, सदा काहीतरी पुसत असायचा. इथे आठवडाभर राहायचं, मग गाडी लेकीकडे, मग विमान, मग घर. मला घाई सुटली होती. गाडी उतारावर लागली आहे आणि सामान अजून फलाटावरच, अशी.

पहिल्याच सकाळी मी तंबूची चेन उघडून डोकं बाहेर काढलं. बूट होते तिथेच होते. पण टोकं बाहेर होती.

३

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. छे हो. मला गुदगुल्या झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टोप्या उडवल्या, आणि म्हातारपणी कोणीतरी माझ्या टोपीला हात घातला. आता हा कलाकार शोधायचा.

पहिला संशय बाईंवर. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मला तुमच्या बुटांना हात लावायची हौस नाही. बाई खोटं बोलल्या की डावी भुवई हलते. भुवई जागच्या जागी होती. दुसरा संशय टकलूशेठवर. पण तो माणूस माझ्यासमोर बुटांना वळसा घालून जायचा, हात लावायची त्याची काय बिशाद. वारा? वारा बूट पाडील. शेजारी शेजारी, टाचेला टाच लावून, उलटे मांडून ठेवणार नाही.

मग मी जुना डाव टाकला. संध्याकाळी तळ्याकाठचा एक खडा निवडला, चण्याएवढा, एक बाजू धारदार, आणि डाव्या बुटाच्या पुढच्या टोकात सारला. बूट पुन्हा टोकं आत करून ठेवले. जो कोणी त्यात पाय घालून फिरत असेल तो लंगडेल. कोणाचं लंगडणं लपत नाही.

सकाळी बुटांची टोकं बाहेर. तळाला ओला चिखल. खडा गायब.

मी तळभर हिंडलो. सगळ्यांच्या चालींकडे बघत. लोक धावत होते, पोरं उड्या मारत होती, किल्लीवाली पायऱ्या चढत उतरत होती. एकही माणूस लंगडत नव्हता. शेवटी टकलूशेठनेच मला हाक मारून थांबवलं. त्याने सांगितलेलं बाईंनी मला समजावून दिलं. त्याच्या घरापुढची ताडपत्री काल वाऱ्याने सुटली होती. पहाटे तुमच्या मेव्हण्याने येऊन बांधून दिली, असं तो म्हणत होता. फार भला माणूस, तुम्ही उगाच त्याला तापट म्हणता. फक्त बिचाऱ्याच्या डाव्या पायाला काहीतरी लागलेलं दिसतं, त्याला मलम हवं का?

मी ताडपत्रीपाशी गेलो. दोरीला गाठ होती. दोन वेढे, एक उलटा फासा आणि शेपूट आत दुमडलेलं. ती गाठ मला वस्तादांनी शिकवली. मी डावखुरा, म्हणून माझा फासा उजवीकडून पडतो. इतरांचा डावीकडून.

हा उजवीकडून पडलेला होता.

मी ती गाठ सोडवून बघितली, परत बांधून बघितली. टकलूशेठ बाजूला उभा राहून कौतुकाने बघत होता. आता मी म्हातारा आहे, झोपेत चालत असेन, असंही मनात आणून बघितलं. पण ते बूट घालून मला चारच्या वर पावलं टाकता येणार नाहीत, पाचव्याला तोंडावर पडेन. आणि माझे तळवे मी तपासले. खड्याची साधी खूण नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस. वरच्या बाजूला एक लांबट खिडकी, तिच्यातून आमचा तंबू दिसत नाही पण आवाज येतो.

टकटक टकटक. टकटक. मग थोडं थांबून ती किणकिण.

वस्तरा हातात तसाच राहिला. किती वर्षांनी ऐकत होतो मी. जणू कोणीतरी अंधाऱ्या खोलीची खिडकी उघडली. मी पंचा खांद्यावर टाकून तसाच, अर्ध्या गालाने, धावत निघालो. या वयात धावतो म्हणजे काय, घाईने चालतो आणि हात जोरात हलवतो.

बाई शेगडीपाशी एकट्या बसल्या होत्या. गालांवर हसू अजून वाळलं नव्हतं. समोर माझी खुर्ची. खुर्चीचं कापड खाली पोटात गेलेलं, जसं जड माणूस नुकता उठल्यावर असतं. ते हळूहळू वर येत होतं. खाली गवतावर रिकामा कप. बाईंच्या हातात दुसरा.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. ती काकांची गोष्ट." त्या पदराने डोळे पुसत होत्या. "लाइट गेली का, म्हणे."

"कोणी सांगितली?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अर्ध्या फेसाकडे. भुवया दोन्ही स्थिर. "असं काय करता," त्या म्हणाल्या. "आत्ता तुम्हीच नाही का."

मी खुर्चीवर बसलो. ती गरम होती.

खरं सांगतो, त्या क्षणी मला भीतीपेक्षा हेवा जास्त वाटला. गोष्ट माझी, बायको माझी, आणि टाळी दुसऱ्याला. मी विचारलं, मी कशी सांगितली? बाई म्हणाल्या, नेहमीसारखीच, पण या वेळी मध्येच थांबलात तिथे मजा आली. मी कधीच थांबत नाही. मी शेवटाकडे धावत सुटतो, हा माझा जुना दोष, वस्तादही म्हणायचे. थांबलं तर मजा येते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी तिथे बसून ती गोष्ट मनातल्या मनात सांगून बघितली. काकांच्या आधी जरा थांबून. चांगली होत होती.

कप उचलून बघितला. तळाशी दोन घोट चहा ठेवलेला. मीही तसाच ठेवतो.

५

त्या दिवसापासून बाई फुलल्या. रंग परत आला, चालणं बदललं. तळ्याकाठी जाऊन यायच्या आणि येताना गाल लाल. कुठे होतात, म्हटलं की म्हणायच्या, फिरायला गेलो होतो की आपण. मी 'आपण' हा शब्द चघळत बसायचो. मी तर दुपारभर तंबूत असायचो. झोप फार यायला लागली होती. आयुष्यात कधी दुपारी झोपलो नाही मी. मांडवाच्या कामात दुपार म्हणजे ऐन घाईची वेळ, त्यामुळे शरीराला सवयच नाही. आता चेन लावून आडवा झालो की कापडावर पानांच्या सावल्या हलायच्या, बाहेर बाईंचं बोलणं ऐकू यायचं, मध्ये एका पुरुषाचं हूं हूं, आणि डोळे मिटायचे.

लेकीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. आईशी बोलले, किती दिवसांनी अशी बोलली, तुम्ही जिंकलात बाबा. मग म्हणाली, "आणि सकाळी तुम्ही ते गाडीचं सांगितलंत ना, ते मी यांना सांगितलंय."

सकाळी मी फोन केला नव्हता. तिच्या आवाजात तो आनंद तसाच होता. मी म्हटलं, "बरं."

संध्याकाळी पाणी भरायला बाहेर पडलो तर वाटेत किल्लीवाली भेटली. मला बघून ती थबकली. मग तिचा चेहरा उजळला. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळू, समजावून, लहान मुलाशी बोलावं तशी बोलली. माझ्या सातवीच्या इंग्रजीतून मला जेवढं उमगलं ते असं. शेवटी उठलात तर. बरं वाटतंय का आता? तुमच्याबद्दल तुमचे भावजी रोज सांगतात. झोपू द्या, उठवू नका, म्हणतात. फार काळजी घेतात हो तुमची दोघं.

मी हसलो. काय करणार? माझाच विनोद होता, फक्त उलटा घातलेला. मी तिला मान लववली आणि पाण्याचा डबा घेऊन परत आलो.

तंबूच्या दाराशी बूट नव्हते. त्या जागी माझ्या चपला होत्या. टाचेला टाच लावून. टोकं आत.

६

शेवटच्या सकाळी फळीवर ठेवायचं सामान मी बाजूला काढलं. मीठ, उरलेल्या मेणबत्त्या, बाईंची जास्तीची छत्री. बूट फळीवरूनच उचलले होते, ते तिथेच परत जायला हवेत, असं मी ठरवून टाकलं होतं. जिथली चीज तिथे. एवढं केलं की गाडीत दोघंच बसू, दोघंच घरी जाऊ. पण मग बाईंचं काय, हा प्रश्न माझ्या मागे मागे फिरत होता. मी वळून बघितलं की तो पण थांबायचा.

चष्मा आत राहिला होता. मी तंबूत शिरलो, गुडघ्यांवर बसून अंथरुणाच्या घड्या चाचपडू लागलो. बाहेर बाई भांडी पुसत होत्या. ऊन कापडातून आत येत होतं, सगळं आत पिवळं.

मग पावलं आली. एक जड, एक जपून टाकलेलं. एक जड, एक जपून.

दोऱ्या सैल होऊ लागल्या. मी आवाजावरून ओळखतो कोण कोणत्या क्रमाने सोडतो. नवखा माणूस कोपऱ्यांपासून सुरुवात करतो. हा मधल्या बाजूंच्या दोऱ्या आधी सोडत होता, कोपरे शेवटी, प्रत्येक खुंटी उपटल्यावर मातीवर दोनदा आपटून. माझ्यासारखी. कापड माझ्या डोक्यावर एकेक श्वास टाकत खाली येत होतं.

चेन खालून वीतभर उघडी होती. मी गाल मातीला टेकवून बाहेर बघितलं.

बूट दिसले. माझ्यापासून हातभर. नाड्या बांधलेल्या, फासा उजवीकडून. त्यांच्या वर पँटची खालची कड, आणि खुंटी पकडून लोंबता हात. हाताच्या पाठीवर मांडवाच्या दोरीने पडतात तसे जुने वळ. त्याच्या वर दाराचं कापड आडवं आलं होतं. वरचं मला काही दिसत नव्हतं.

पण बाई दिसत होत्या. हातात कपडा, मान वर केलेली, त्या कापडाआड असलेल्या चेहऱ्याकडे बघत. हसू आधीच फुटायला आलेलं, ओठ दाबून धरलेले. लग्नाआधी, त्या पहिल्या वेळी, मी काकांपर्यंत पोचण्याआधी त्या अशाच बघत होत्या माझ्याकडे. मधल्या सगळ्या वर्षांत तो चेहरा मी विसरलो नव्हतो, पण मला तो असा निवांत कधी बघायला मिळाला नव्हता. मी नेहमी शेवटाकडे धावत असायचो ना.

आणि मग हाक आली. वस्तादांच्या सुरात, म्हणजे माझ्याच सुरात.

"आहे का कोणी आत?"

हाक देऊन तो थांबला. रीतच आहे, थांबायचं. उत्तर द्यायला वेळ द्यायचा.

मला 'आहे' म्हणता आलं असतं. दोन अक्षरं. बाहेर बाई श्वास रोखून उभ्या होत्या, हसू ओठांच्या अगदी काठावर, जसं दूध भांड्याच्या काठावर येतं. मी बोललो असतो तर त्यांनी खाली बघितलं असतं. खाली मी होतो, मातीत गाल घासलेला.

शिवाय, पुढे काय होतं ते मला बघायचं होतं. स्वभाव आहे, आता जायचा नाही.

मी गप्प बसलो.

खांब निघाला. कापड सगळं एकदम खाली आलं, मऊ, उन्हाने ऊबदार, आणि बाहेर टकटक टकटक सुरू झालं. किणकिण वाजून गेली. मग दुसऱ्यांदा वाजली. मला राहवलं नाही. मी कापडाखालून, जरा थांबून, नीट वेळ साधून म्हटलं, "लाइट गेली का?"

त्यावर कोणी हसलं नाही. कापडाची घडी घालायला सुरुवात झाली होती.

७

प्रवासाचं मला फारसं आठवत नाही. गाडीत मी मागे होतो, पिशव्यांच्या मधे. मला मागे बसायची सवय नाही. गाडी चांगली चालली होती, एवढं सांगतो, वळणांवर जपून. विमानतळावर लेक आईच्या गळ्यात पडून रडली आणि हसली. जावईबापूंची कोणीतरी फिरकी घेतली, तेव्हा तर सगळेच हसले. विनोद चांगला होता. मी तसाच केला असता.

आता घरी आहोत. हे मी आतल्या खोलीत बसून लिहितोय, कागद बाईंच्या क्लासचेच, उरलेले, एका बाजूला मुलींनी टायपिंगचे धडे गिरवलेले. खोलीला खिडकी आहे. दुपारी झोप अजून येते, पण मधेमधे जाग असते. बाईंचं हसणं भिंतीतून स्पष्ट ऐकू येतं. सकाळी एकदा, चहाच्या वेळी हमखास, आणि संध्याकाळी बाहेरून आल्यावर. लेकीला दिलेला शब्द पाळला गेला. कोणी पाळला याच्याशी लेकीला काय करायचंय?

बाईंना माझा विसर पडलाय, असं कोणी समजू नका. ताट न चुकता येतं. दाराशी ठेवून, हळूच टिचकी मारून जातात. मी दार उघडेपर्यंत स्वयंपाकघरात गेलेल्या असतात. काल मी ताटातली मीठ नसलेली भाजी तशीच खाल्ली आणि वर चिठ्ठी ठेवली की भाजी झकास. स्वयंपाकघरातून हसल्याचा आवाज आला. माझ्या चिठ्ठीवर की आणखी कशावर, ते कळायला मार्ग नाही.

सकाळी दारावर कोणीतरी आलं होतं. बहुतेक माझा जुना मजूर, आवाज ओळखीचा वाटला. माझी चौकशी करत होता. बाईंनी आवाज खाली आणला.

"आत झोपलेत," त्या म्हणाल्या. "उठवू नका."

तो चवड्यांवर परत गेला. मला पावलं ऐकू आली. त्याच्या मागोमाग आणखी एक पाऊल उंबऱ्यापर्यंत गेलं, त्याला पोचवायला. जड. आणि मग जपून टाकलेलं. म्हणजे तो खडा त्याने अजून काढलेला नाही. का ठेवला असेल, याचा मी खूप विचार करतो. मी असतो तर गंमत म्हणून ठेवला असता.

माझ्या खोलीच्या दाराबाहेर चपला आहेत माझ्या. फटीतून दिसतात. टाचेला टाच, टोकं आत. रोज कोणीतरी त्या नीट मांडून ठेवतं.

उद्या सगळे चहाला बसले की मी गुपचूप हात बाहेर काढून त्या फिरवून ठेवणार आहे. टोकं बाहेर.

बघू, कोणाला गुदगुल्या होतात.